मातीचा वासुदेव प्याला आणि इतर खोडकर भांडी

चाकवत
पितळेचा वासुदेव प्याला बऱ्याच जणांनी पाहिला असेल. मधोमध वासुदेव उभा, डोक्यावरच्या टोपलीत बाळकृष्ण. पाणी ओतत गेलं की पातळी चढत चढत बाळाच्या पायाला लागते, आणि पाय भिजला की सगळं पाणी बुडाच्या भोकातून निघून जातं. यमुनेच्या पुराची गोष्ट आणि सायफन (पाणी आधी वर चढवून मग आपोआप खाली ओढून नेणारी नळी) एकाच भांड्यात!

हा प्याला स्टोनवेअरमध्ये, म्हणजे जास्त तापमानाला भाजून घट्ट होणाऱ्या मातीत, करायचा आहे. माती कोन 6 या भट्टीच्या मापाची, म्हणजे सुमारे 1220 अंशांना भाजायची, आणि ओल्यापासून भाजेपर्यंत 12 टक्के आकसणारी. अडचणी तीन. आतली नळी किती रुंद ठेवायची? ग्लेझ (मातीवरचा काचेसारखा लेप) भट्टीत वितळून नळी बुजू नये म्हणून काय करायचं? आणि पाणी नेमकं बाळाच्या पायाशी पोचल्यावरच सायफन सुरू व्हावा, हे ओल्या मातीत कसं मोजायचं?

माझं एक मत आधीच मांडतो. अशा भांड्यात गंमत चालली पाहिजे. वरून वासुदेव कितीही देखणा असला आणि पाणी नुसतंच ठिबकत राहिलं, तर ते भांडं अपुरं आहे.

इतर खोडकर भांड्यांबद्दलही लिहा. शिट्ट्या, डोलणारे पेले, पिणाऱ्याला कोडं घालणारे पाण्याचे जग, सगळं चालेल.

बोळकी
वा, असाच धागा हवा होता. चटई टाकून बसते.

कोन_सहा
नळी वाकवण्याच्या भानगडीत पडूच नका. यू आकाराची नळी मातीत वाकवली की वळणावर चपटी होते आणि आतल्या बाजूने चिरते. त्यापेक्षा नळीवर टोपण घाला.

प्याल्याच्या बुडाला भोक. त्या भोकातून वर उभी राहणारी एक सरळ नळी, दोन्ही टोकं उघडी. तिच्यावर पालथं घातलेलं एक लांबट टोपण: वरून बंद, खाली बुडाला चिकटवलेलं, आणि बुडाशी एक-दोन खाचा. पाणी खाचांतून टोपणात शिरतं, नळी आणि टोपण यांच्यामधल्या जागेत बाहेरच्या पातळीबरोबर चढतं, नळीच्या तोंडावरून आत पडतं आणि खाली निघून जातं. टोपणाच्या बाहेरून तुमचा वासुदेव घडवायचा. आत काय आहे ते कोणाला दिसत नाही.

भाजून झाल्यावरची मापं अशी धरा. नळीचं आतलं भोक 6 मिलिमीटर, भिंत 3, म्हणजे बाहेरून 12. टोपण आतून 20, भिंत 4, म्हणजे बाहेरून 28. नळीचं तोंड आणि टोपणाचं छत यांत 5 ते 6 मिलिमीटर मोकळी जागा. खाचा 4 मिलिमीटर उंच. प्याला आतून 80 रुंद आणि नळीचं तोंड बुडापासून 70 वर असेल, तर सव्वातीनशे मिलिलिटरच्या आसपास पाणी मावतं आणि सुरू झाल्यावर वीस-एक सेकंदांत उतरतं.

गेरू
@कोन_सहा, 6 मिलिमीटर फारच अरुंद नाही का? 10 ठेवली तर ग्लेझने बुजायची भीती नाही आणि पाणीही झपकन जाईल.

भौतिकवेडा
@गेरू, 10 ठेवलीत तर बहुधा सायफन सुरूच होणार नाही. गोम तिथेच आहे.

सायफन चालायला नळी पाण्याने पूर्ण भरावी लागते, आतली हवा बाहेर ढकलली गेली पाहिजे. नळी रुंद असली की तोंडावरून सांडणारं पाणी भिंतीच्या कडेकडेने पातळ थर धरून उतरतं आणि मधली हवा तशीच राहते. मग जितकं ओताल तितकंच खालून गळत राहतं, पातळी नळीच्या तोंडाशी अडकते आणि प्याला रिकामा होत नाही. चाकवत म्हणतात ते ‘ठिबकणं’ हेच. 5-6 मिलिमीटरच्या नळीत पृष्ठताणामुळे पाण्याचा बोळा तयार होतो, तो हवेला खाली रेटतो आणि मग ओढ लागते.

आणखी दोन गोष्टी मदत करतात. नळीचं वरचं तोंड नरसाळ्यासारखं किंचित पसरट करा, म्हणजे चहूबाजूंनी आलेलं पाणी मधोमध एकत्र होतं. आणि तोंड पक्कं आडव्या पातळीत घासून घ्या. एक बाजू मिलिमीटरभर खाली असली तरी पाणी तिथूनच बारीक धारेने उतरत राहतं.

नळीचं खालचं टोक बुडाच्या खाली जितकं उतरेल तितकी ओढ वाढते. पायकडं (बुडाखालचं उभं कडं) 12-15 मिलिमीटर उंच ठेवून नळी 8-10 मिलिमीटर खाली येऊ द्या. पायकड्याला दोन खाचा हव्यातच. नाहीतर प्याला ताटलीत ठेवला की खाली साचलेलं पाणी नळीचं टोक बुडवतं, आतल्या हवेला वाट राहत नाही आणि सायफन अडतो.

सुरई
सगळं वाचते आहे, पण चाकवत यांच्या मूळ मताला माझा विरोध आहे. खोडकर भांडं चाललंच पाहिजे असं का? दोन तोंडं असून एकातूनच ओतता येणारी सुरई, स्वतःच्याच पोटात शिरलेला कान, बसायला टेकलेला चहाचा कप, यांत काही ‘चालत’ नाही आणि तरी ती हातात घेतल्यावर माणूस हसतो. आकार हाच खेळ असू शकतो. यंत्राच्या मागे लागलं की हात आखडतो आणि सगळी भांडी प्रयोगशाळेतल्या साहित्यासारखी दिसायला लागतात.

चाकवत
@सुरई, आकाराचा खेळ मला मान्यच आहे. पण बसलेला कप काही आश्वासन देत नाही, वासुदेव देतो. पायाला पाणी लागल्यावर उतरेल असं जे भांडं सांगतं, त्याने ते करावं एवढंच म्हणणं.

@भौतिकवेडा, रुंद नळीचं कारण आत्ता नीट कळलं. धन्यवाद.

थापी
जोडणीबद्दल कोणी लिहिलं नाही, आणि अशी भांडी जोडणीतच जातात.

नळी करायला बांबूची काडी किंवा विणकामाची सुई घ्या, तिच्यावर वर्तमानपत्राचा कागद एक वेढा गुंडाळा, त्यावर 4 मिलिमीटर जाडीची मातीची पट्टी लपेटा, जोड दाबून घ्या आणि लाटण्यासारखी हलक्या हाताने फिरवा. माती जरा घट्ट झाली की काडी लगेच सरकवून काढायची. काडी आत ठेवून वाळवली तर माती आकसते, काडी आकसत नाही, आणि नळी उभी तडकते. कागद आत राहिला तरी चालतो, बिस्कमध्ये, म्हणजे ग्लेझआधीच्या पहिल्या भाजणीत, जळून जातो. प्लॅस्टिकच्या स्ट्रॉ आत ठेवून जाळू नका, धूर विषारी असतो.

प्याला, नळी, टोपण तिन्ही एकाच मातीचे आणि जोडताना एकाच ओलीचे हवेत. प्याला अर्धवट वाळून चामड्यासारखा घट्ट आणि नळी नुकतीच केलेली असेल तर नळी जास्त आकसेल आणि बुडाशी गोल चीर जाईल. तिन्ही भाग एका प्लॅस्टिकच्या डब्यात ओल्या स्पंजासोबत दोन दिवस ठेवा, ओल सारखी होते. मग दोन्हीकडे ओरखडे पाडून स्लिप (पाण्यात कालवलेली पातळ माती) लावा. या स्लिपमध्ये भिजवून कुटलेला टिश्यू पेपर मिसळा, कोरड्या स्लिपच्या घनफळाच्या पाव हिश्शाइतका. त्याचे तंतू जोड धरून ठेवतात.

क्रम महत्त्वाचा: आधी नळी बुडात बसवा, आतून-बाहेरून बारीक मातीचा दोरा फिरवून बुजवा. मग नळीत फुंकर मारून पाहा. मग टोपण. टोपण चिकटवल्यावर आत हात जात नाही, त्यामुळे जास्तीची स्लिप आत ओघळून खाचा बुजवणार नाही इतकीच लावा. जोडल्यावर पिशवीत झाकून निदान चार दिवस, मग हळूहळू उघडा.

रांजण
टोपणाच्या छतात सुईच्या टोकाएवढं भोक राहिलं तरी सायफन मेला. हवा तिथून शिरते. टोपण चाकावर बंद करून काढलं तर छतात जोडच राहत नाही. पट्टीचं केलं तर डोक्यावर चकती बसवावी लागते आणि नेमकी तीच गळते.

कोन_सहा
@रांजण, +1. बिस्क झाल्यावर हे तपासता येतं. बिस्क सच्छिद्र असतं, म्हणून आधी भांडं अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवा म्हणजे भिंतींची छिद्रं पाण्याने भरतील. मग खालच्या नळीला रबरी ट्यूब लावा, प्याल्यात खाचा बुडतील इतकंच पाणी ठेवा आणि हळूच फुंका. खाचांतून बुडबुडे आले तर ठीक. छतातून किंवा वासुदेवाच्या कानातून आले तर तिथे भोक आहे.

बोळकी
कानातून बुडबुडे काढणारा वासुदेव मला मुद्दाम करून हवाय.

गेरू
आता ग्लेझ. नळी आतून ग्लेझ करायची की नाही? मी म्हणेन नाही.

कोन_सहा
मातीवर अवलंबून आहे. कोन 6 ला नीट पिकलेल्या मातीत पाणी शोषण 1-2 टक्क्यांच्या खाली असेल तर नळी आणि टोपण आतून कोरडी सोडा. टेराकोटा 950-1000 अंशांवर भाजलेला असेल तर भिंतींतून हवा झिरपते, सायफन कमजोर होतो, आणि ओल राहून वास येतो. तिथे आतून ग्लेझ लागतंच.

आतून लावायचं तर ग्लेझ नेहमीपेक्षा पातळ करा, दुधासारखं. प्याल्यात ओता, सायफनने स्वतःच खाली येऊ द्या आणि लगेच खालून रबरी फुग्याने दोनदा हवा मारा. नळीच्या खालच्या टोकाला जमणारा थेंब ओल्या स्पंजाने टिपा. वितळलेलं ग्लेझ खाली ओघळतं, त्यामुळे नळी बुजते ती नेहमी खालच्या टोकाला. खालचे 5 मिलिमीटर मेण लावून कोरडे ठेवा. ओली नळी 7 मिलिमीटरची केली तर 12 टक्के आकसून 6 च्या वर थोडी राहते, पातळ ग्लेझ धरून 5 च्या आसपास उरते. ती चालते. सुरुवातच 5 पासून केली तर उरत नाही.

ओघळणारी ग्लेझं, म्हणजे राखेची किंवा रुटाइल हे खनिज घातलेली, या भांड्यात आतून वापरू नका. स्थिर, मॅट किंवा सेमीमॅट घ्या. आणि अर्थात शिसं नसलेलंच.

मंजिष्ठा
पिण्यासाठी वापरणाऱ्यांना एक विनंती. या भांड्यांत फक्त पाणी. टोपणाच्या आत घासणी पोचत नाही. ताक, दूध, सरबत गेलं की खाचेच्या पातळीखाली थोडं साचून राहतं आणि आंबतं. वापर झाला की गरम पाण्यात खायचा सोडा घालून दोन वेळा सायफन चालवा आणि भांडं उलटं करून वाळवा.

एक्सेटरकर
विषय निघालाच आहे तर कोड्याच्या जगाबद्दल. इकडे इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या संग्रहालयात सन 1300 च्या सुमाराचा एक आहे, फ्रान्सच्या सेंतोंज भागात बनलेला. मधला भाग मनोऱ्यासारखा, भिंतींना खिडक्या, आत माणसांच्या आकृत्या. खिडक्या असून पाणी सांडत नाही, कारण पाणी त्या भागात जातच नाही. ते पोकळ कानातून वर जातं.

पुढे सतराव्या-अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये हे जग भरपूर बनले. गळ्याला जाळी कोरलेली, ओठावर तीन तोट्या. वाकडा करून प्यायला गेलं की जाळीतून सगळं अंगावर. युक्ती अशी की कान पोकळ आहे, ओठाचं कडं पोकळ आहे, दोन्ही आतून जोडलेले आहेत. दोन तोट्या आणि कानाखाली लपवलेलं एक बारीक भोक बोटांनी बंद करायचं आणि तिसऱ्या तोटीतून ओढून प्यायचं. लपवलेलं भोक विसरलात तर नुसती हवा.

चाकवत
@एक्सेटरकर, पोकळ कडं चाकावर कसं काढायचं?

एक्सेटरकर
जगाचा ओठ जाड ठेवायचा, 12-14 मिलिमीटर. मग लाकडी चाकूच्या टोकाने किंवा बोटाच्या नखाने ओठ मधोमध फाडायचा, म्हणजे दोन पातळ भिंती आणि मध्ये चर. चर 8 मिलिमीटर खोल. मग बाहेरची भिंत आत वाकवून आतल्या भिंतीवर मिटवायची. चाक अगदी हळू, हात कोरडे. पाणी जास्त झालं की कडं बसतं. मिटवताना आतली हवा कड्याला फुगवून धरते, म्हणून तोट्यांची भोकं नंतर, कडं घट्ट झाल्यावर पाडायची.

कान थापी यांनी सांगितल्याप्रमाणे नळीचा, पण आत 7-8 मिलिमीटर. वाकवताना आत बारीक वाळू भरा, दोन्ही टोकं बोटाने दाबा आणि वाकवा, चपटा होत नाही. वाळू नंतर झटकून काढा. कानाचं खालचं टोक जगाच्या पोटात अगदी बुडाजवळ उघडलं पाहिजे, नाहीतर खालचं पाणी पिता येत नाही.

जाळी कोरताना गोल भोकं पाडा. टोकदार पानं, चांदण्या देखण्या दिसतात, पण प्रत्येक टोकापासून वाळताना चीर निघते. टोक हवंच असेल तर आधी टोकाला 2 मिलिमीटरचं गोल भोक पाडून मग कापा. दोन भोकांमधली माती भोकाच्या रुंदीपेक्षा कमी नको.

थापी
वाळूची युक्ती उत्तम. बारीक मीठही चालतं का?

कोन_सहा
मीठ नको. आत राहिलेलं मीठ भट्टीत वाफ होऊन मातीवर आणि भट्टीच्या विटांवरही काम करतं, शिवाय हिटिंग कॉइलला त्रास. वाळूच.

रांजण
कोड्याचा जग, दुहेरी भिंतीचा पेला, पोकळ कडं: या सगळ्यांत हवा अडकते आणि भट्टीत फुटते. म्हणून बंद पोकळी करूच नये, असं मला वाटतं. करायचीच तर भोक हवं.

भौतिकवेडा
@रांजण, भोक हवं हे बरोबर, कारण वेगळं आहे. फोडते ती वाफ, हवा नाही.

बंद पोकळीतली हवा खोलीच्या तापमानापासून 1000 अंशांपर्यंत तापली तर दाब सुमारे सव्वाचार पट होतो, तोही हळूहळू आणि हवा बाहेर पडलीच नाही तर. पण बिस्कच्या वेळी माती सच्छिद्र असते आणि हवा भिंतींतून निघून जाते. पाण्याचं तसं नाही. माती आतून ओली राहिली आणि तापमान 100 च्या पुढे भराभर गेलं, तर पाणी वाफ होताना दीड हजार पटींच्या पुढे फुगतं, आणि छिद्रांतून निघायला वेळ मिळत नाही. भिंतीच्या आतल्या बाजूला वारा लागत नसल्यामुळे बंद पोकळी उशिरा वाळते, म्हणून बंद भांडी जास्त फुटतात आणि दोष हवेला जातो.

भोक ठेवायचं दोन कारणांसाठी. आतली ओल निघते. आणि ग्लेझच्या भाजणीत माती पिकून छिद्रं मिटतात तेव्हा अडकलेली हवा मऊ झालेली भिंत फुगवू शकते. दुहेरी भिंतीच्या पेल्याला 2 मिलिमीटरचं भोक बुडात द्या आणि ग्लेझने बुजू देऊ नका.

भाजताना 80-90 अंशांवर चार-पाच तास थांबा. भट्टीच्या झाकणाच्या भोकाशी आरसा धरा. वाफ धरत नाही तोवर पुढे जाऊ नका. पुढे 600 पर्यंत तासाला 60 अंश. 573 ला क्वार्ट्झ फुगतो, तिथून घाईने गेलं तर जोड उकलतात. थंड होतानाही तेच, 600 ते 500 मध्ये भट्टी उघडायची नाही.

रांजण
मान्य. आरशाची युक्ती टिपून ठेवली. पण शिकवणाऱ्यांनी ‘हवा फोडते’ असं सांगितलं तर निदान माती नीट मळली जाते, एवढा फायदा आहे त्याचा!

सुरई
आता माझ्या आवडीचं. डोलणारा पेला. बुड गोल, पायकडं नाही, ढकलला की डोलून पुन्हा उभा. कोणी नीट सांगेल का, की तो कशामुळे उभा राहतो आणि कशामुळे आडवा होतो?

भौतिकवेडा
बुडाचा गोलावा ज्या गोळ्याचा भाग आहे, त्या गोळ्याचा मध्यबिंदू शोधा. अख्ख्या पेल्याचा गुरुत्वमध्य त्या बिंदूच्या खाली हवा. बुडाची त्रिज्या 45 मिलिमीटर असेल तर गुरुत्वमध्य टेबलापासून 45 च्या खाली. वर जितका उंच पेला, तितकं बुड जड हवं. व्यवहारात बुड 12-15 मिलिमीटर, भिंत वर जाताना 3-4, आणि उंची त्रिज्येच्या दीडपट-पावणेदोनपटीपेक्षा जास्त नको.

पाण्याचं गणित सुंदर आहे. पेला आतूनही त्याच मध्यबिंदूचा गोल असेल, तर त्या गोल भागातल्या पाण्याचा दाब सगळीकडून मध्यबिंदूकडे रोखलेला असतो, म्हणून ते पाणी पेल्याला पाडत नाही आणि उभाही करत नाही. पाणी गोल भागाच्या वर सरळ भिंतीत चढलं की मात्र पाडायला लागतं.

कोन_सहा
जाड बुड आणि पातळ भिंत म्हणजे वाळताना हमखास तिढा. पेला उलटा करून बुड उघडं आणि ओठ झाकून वाळवा, म्हणजे दोन्ही बरोबरीने येतात. बुड चाकावर आतून दोन-तीनदा दाबून घ्या, नाहीतर इंग्रजी एस आकाराची चीर पडते.

डोलण्याची परीक्षा चामड्यासारख्या घट्ट अवस्थेतच घ्या. माती सगळीकडे सारखी आकसत असल्यामुळे तोल भाजल्यावर बदलत नाही. कमी वाटलं तर भिंत तासून ट्रिम करा, बुडाला माती चिकटवू नका.

भाजायला बिस्कच्या मातीची कडी लागते, वरच्या कडेला त्याच गोलाव्याचा उतार दिलेली, त्यावर पेला चिकटू नये म्हणून अ‍ॅल्युमिनाचा हात. बुड ग्लेझ करायचं नाही. तीन टोकांच्या तिवईवर (स्टिल्टवर) ठेवलं तर कोन 6 ला बुडात खळगे पडतात आणि पेला डोलताना अडखळतो.

सुरई
म्हणजे आकारालाही गणित सुटलं नाहीच. असो, आनंदाने करते.

लुटूपुटू
शिट्टीबद्दल कोणीच नाही? हडप्पा संस्कृतीच्या उत्खननातही पक्ष्याच्या आकाराच्या पोकळ मातीच्या शिट्ट्या मिळाल्या आहेत. खोडकर भांड्यांची आजीच ती.

दोन वाट्या करून जोडा, पिंगपाँगच्या चेंडूएवढी पोकळी. शेपटीत आईसक्रीमच्या काडीने वाऱ्याची वाट पाडा, काडी घासून टोकाकडे निमुळती केलेली. वाट बाहेर पडते तिथे चौकोनी खिडकी, साधारण 8 बाय 6 मिलिमीटर. खिडकीची समोरची कड 45 अंशांत कापून पात्यासारखी धारदार. पातं वाऱ्याच्या वाटेच्या बरोबर मधोमध हवं, म्हणजे फुंकलेली हवा अर्धी वर, अर्धी खाली. वाटेतून डोळा लावून पाहा: पात्याची धार रेघेसारखी मध्ये दिसली तर शिट्टी वाजते. वाजत नसेल तर शंभरातल्या नव्वद वेळा खिडकीच्या कोपऱ्यात मातीचा कण असतो.

बोटांची भोकं कुठेही पाडा, जागेला महत्त्व नाही. उघड्या भोकांचं एकूण क्षेत्रफळ वाढेल तसा स्वर चढतो. आणि सूर ओल्या मातीत जुळवू नका. 10 टक्के आकसणाऱ्या मातीत ओला सा भाजून जवळपास रे होतो. आधी खालचा स्वर ठेवा, भोकं बिस्कनंतर गोल कानशीने मोठी करा.

बोळकी
@लुटूपुटू, पाणी घातल्यावर बुलबुलसारखी बोलणारी?

लुटूपुटू
तीच शिट्टी, पोकळी जरा मोठी आणि खिडकी वरच्या बाजूला. आत तळाशी थोडं पाणी घाला, खिडकीपासून पाणी लांब राहील इतकंच. फुंकलं की पाणी हलतं, पोकळीचं माप क्षणाक्षणाला बदलतं आणि स्वर थरथरतो. याहून पुढची पायरी पेरूच्या जुन्या दुहेरी बाटल्यांची. दोन पोटं खाली नळीने जोडलेली, एकात वर शिट्टी. वाकडी केली की पाणी एका पोटातून दुसऱ्यात जातं, हवा शिट्टीतून रेटली जाते आणि बाटली आपली आपण वाजते. फुंकायचीही गरज नाही.

गेरू
कोंडागावचा दिवा राहिला. बस्तरचे कुंभार अशोक चक्रधारी यांचा, 2020 च्या दिवाळीत सगळीकडे गाजलेला. पणतीच्या वर तेलाची पालथी घुमटी, तिची तोटी पणतीत उतरलेली. पणतीतलं तेल खाली गेलं आणि तोटीचं तोंड उघडं पडलं की हवा आत जाते, तेवढंच तेल खाली येतं, तोंड पुन्हा बुडतं आणि तेल थांबतं.

करायला घेणाऱ्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. घुमटी हवाबंद हवी. लाल मातीची असेल तर आतून ग्लेझ करा किंवा बाहेरून घोटून पक्की करा, नाहीतर भिंतीतून हवा झिरपते आणि पणती भरून वाहते. आणि ज्योत घुमटीपासून लांब ठेवा. घुमटीतली हवा तापली की फुगते आणि तेल बाहेर ढकलते. तेल जितकं संपत येईल तितकी आत हवा जास्त, म्हणून हा त्रास शेवटी-शेवटी वाढतो.

एक्सेटरकर
याच घराण्यातलं अजून एक: बुडातून भरायची चहादाणी. झाकणच नाही. बुडाला भोक, तिथून एक नळी पोटात वरपर्यंत गेलेली. उलटी करून भरायची, सरळ केली की पाणी नळीच्या भोवती राहतं, सांडत नाही. चीनमध्ये शाआन्शी इतिहास संग्रहालयात यावचौ भट्टीची अशी फिकट हिरवी सुरई आहे, 1968 साली सापडलेली. इंग्लंडमध्ये हीच कॅडोगन चहादाणी. नळीचं वरचं तोंड पाण्याच्या पातळीच्या वर असलं पाहिजे, एवढीच अट. नवशिक्यांनी सुरुवात हिच्यापासून करावी. यात सायफन नाही, त्यामुळे हवा थोडी झिरपली तरी चालतं.

चाकवत
खूप मिळालं. आता माझ्या तिसऱ्या प्रश्नाकडे. पायाची पातळी?

कोन_सहा
सायफन नळीच्या तोंडावर ठरतो, वासुदेवाच्या उंचीवर नाही. पाणी तोंडाच्या 2-3 मिलिमीटर वर चढल्यावर ओढ लागते. म्हणून बाळाची टाच भाजून नळीच्या तोंडाइतक्या उंचीवर ठेवा: पाय भिजतो आणि पाणी उतरायला लागतं.

तोंड बुडापासून 70 हवं असेल तर ओल्यात 70 भागिले 0.88, म्हणजे साडेएकोणऐंशी. नळी आणि मूर्ती एकाच मातीची असल्यामुळे दोन्ही सारख्याच आकसतात. एक काठी घ्या, तिच्यावर 79.5 ची खूण करा आणि टोपण बसवण्याआधी नळी, बसवल्यानंतर टाच, दोन्ही त्याच खुणेने बुडापासून मोजा.

बाळ डोक्यावरच्या टोपलीत असेल तर पाय टोपलीतून खाली वासुदेवाच्या छातीपर्यंत लोंबता हवा. टोपणाचं छत वासुदेवाच्या खांद्याशी येतं, डोकं आणि टोपली त्याच्या वर. प्याल्याचा काठ टाचेच्या वर निदान 12 मिलिमीटर, नाहीतर ओढ लागायच्या आत पाणी काठावरून सांडेल.

थापी
लोंबता पाय सुटा ठेवू नका, भट्टीत वाकतो किंवा हाताळताना तुटतो. मांडीपासून घोट्यापर्यंत वासुदेवाच्या अंगाला चिकटलेला ठेवा, फक्त पाऊल पुढे.

चाकवत
पाऊल पुढे, हे छान. वासुदेवाचं डोकं पोकळ करू का भरीव?

भौतिकवेडा
पोकळ. भरीव डोकं 25 मिलिमीटरच्या पुढे जाडीचं झालं तर भिंतींच्या मानाने फार उशिरा वाळेल. वाफेचं भोक टोपलीच्या तळाला ठेवा, बाळाखाली झाकलं जातं. मात्र ते भोक डोक्याच्या पोकळीतच थांबलं पाहिजे. टोपणाच्या छतापर्यंत पोचलं तर सायफन जाईल.

रांजण
आणि जोडण्याआधी नळीत एकदा फुंकून घ्या.